फॉर्म्युल्यावरून गाईच्या दुधावर: केव्हा आणि कसे?

प्रश्न (वारजे)

माझी मुलगी साडेदहा महिन्यांची आहे. अंगावरचे दूध पुरत नसल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने ती दुसऱ्या महिन्यापासून फॉर्म्युल्यावर आहे आणि सध्या चार बाटल्या, म्हणजे साधारण ७०० मिलिलिटर, रोज घेते. डबा संपत आला आहे. सासूबाई म्हणतात की आता नवा डबा कशाला, गवळ्याचे दूध निम्मे पाणी घालून सुरू करू. औषधाच्या दुकानात मात्र वर्षानंतरच्या मुलांसाठीचा पुढच्या टप्प्याचा डबा घेण्याचा आग्रह होतो. मुलगी दिवसभर पाळणाघरात असते, त्यामुळे जे ठरेल ते तिथेही जमायला हवे. बदल आताच करावा की वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि दूध नेमके कोणते द्यावे?

उत्तर (कोथरूड)

दीड महिनाच राहिला आहे, तर तोवर लागतील तेवढे डबे आणावेत. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच, एका लिटरमागे फार तर अर्धा मिलिग्राम, आणि त्यातील कॅल्शियम व केसीन इतर अन्नातील लोह शोषले जाण्यातही अडथळा आणतात. शिवाय वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्राव होतो, आणि त्यातील प्रथिने व क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातात. खिरीत किंवा लापशीत थोडे दूध आणि वाटीभर दही आताही चालते. मुख्य पेय म्हणून मात्र नको.

माझी चूक वर्षानंतरची आहे, ती सांगते. थोरला दीड वर्षाचा असताना दिवसाला जवळजवळ एक लिटर दूध पीत असे आणि आम्ही कौतुकाने पाजत होतो. तो जेवत नाही, खडे झाल्यासारखी शी होते, अशी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून पांढुरकी दिसत होती. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. औषधाइतकाच उपयोग दूध ४०० मिलिलिटरवर आणण्याचा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून वरणभात मागितला.

उत्तर (सदाशिव पेठ)

मी आजी आहे, म्हणून सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द. आमच्या काळी डबा परवडत नसे आणि पाणी घातलेले दूधच पाजले जाई, तेव्हा त्या काही मनाचे सांगत नाहीत. पण वर्षाच्या मुलाच्या दुधात पाणी घातले की पोट भरते आणि अंगी काही लागत नाही, हे माझ्या नातवाच्या वेळी डॉक्टरांनी मला समजावले आणि ते मला पटले. आणखी एक सवय मोडावी लागली. दूध तापवून निवले की मी साय तुपासाठी काढून घेत असे आणि खालचे पातळ दूध नातवाला देत असे. दोन वर्षांपर्यंत मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो, म्हणून आता त्याच्या वाट्याची साय मी त्याच्याच दुधात घोटून घालते. तूप थोडे कमी निघते, एवढेच.

उत्तर (हडपसर)

बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. पिशवी घेताना तिच्यावरील स्निग्धांश वाचावा: गाईच्या दुधात तो साधारण साडेतीन टक्के असतो, तर डबल टोन्डमध्ये दीड टक्काच, म्हणून ते दोन वर्षांच्या आत नको. गोठ्यावरचे सुटे दूध घेण्यास हरकत नाही, मात्र ते पूर्ण उकळलेच पाहिजे; कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. पुढच्या टप्प्याच्या डब्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही १२ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी असे फॉर्म्युले सुचवलेले नाहीत.

बदल करताना एका वेळच्या बाटलीपासून सुरुवात करावी आणि तयार केलेल्या फॉर्म्युल्यात चौथा हिस्सा दूध मिसळून दर दोन-तीन दिवसांनी प्रमाण वाढवत न्यावे. पावडर थेट दुधात कालवू नये. ते फार घट्ट होते, आणि ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. मुलगी दुधापासून बनलेला नेहमीचा फॉर्म्युला आजवर त्रासाविना पीत असेल, तर गाईच्या दुधाची ॲलर्जी निघण्याची शक्यता फार कमी आहे. लोहाच्या औषधाबद्दल आशाताईंना किंवा डॉक्टरांना जरूर विचारावे: सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर सिरप दिले जाते.

प्रश्नकर्ती, अडीच महिन्यांनंतर

सर्वांचे आभार. वर्ष पूर्ण झाल्यावर सुरुवात केली आणि बारा दिवसांत फॉर्म्युला बंद झाला. दूध बदलणे सोपे गेले, बाटली सोडवणे कठीण. पाळणाघरातील ताईंनी दुपारचे दूध स्टीलच्या छोट्या पेल्यातून देण्यास सुरुवात केली आणि पहिला आठवडा निम्मे दूध झबल्यावरच गेले. आता ती सकाळी आणि दुपारी मिळून ४०० मिलिलिटरच्या आत घेते. रात्रीची बाटली आम्ही गेल्या सोमवारी बंद केली. तिच्याऐवजी मऊ मुगाची खिचडी, वर लिंबू पिळून, सासूबाई स्वतः भरवतात. दुधात पाणी घालण्याचा विषय निघाला नाही, पण साईचा मात्र अजून निघतो.