अमेरिकन सर्कशीचा झगमगाट: कौतुक कुणाचं करायचं?

माळरान:
जुनी अमेरिकन सर्कस म्हणजे नुसती लुबाडणूक, असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. १८७२ पासून पी. टी. बार्नम या खेळवाल्याची सर्कस रेल्वेनं फिरू लागली. पहाटे गाडी लागायची, दुपारपर्यंत मोकळ्या मैदानात तंबूंचं गाव उभं! मग मिरवणूक. सोनेरी नक्षीचा बँडचा रथ, हत्ती, आणि शेवटी वाफेवर वाजणारं कॅलिओपी हे वाद्य, लांबच्या शेतापर्यंत ऐकू जाणारं. आडगावच्या पोरांनी हत्ती पाहिला तो असा, एक पैसा न देता.

सांजवात:
मिरवणूक ही तिकीट खपवायची जाहिरात होती. आणि ज्या बार्नमचं नाव घेताय, त्यानं १८३५ मध्ये जॉइस हेथ या गुलामगिरीतल्या अंध वृद्धेला 'जॉर्ज वॉशिंग्टनची १६१ वर्षांची दाई' म्हणून गावोगाव दाखवलं. ती गेल्यावर तिचं शवविच्छेदनसुद्धा तिकीट लावून केलं! चीड येते वाचून.

माळरान:
हेथबद्दल दुमत नाही, ते अमानुषच. पण बार्नम म्हणजे सर्कस नव्हे. १७९३ मध्ये रिकेट्स या घोडेस्वारानं फिलाडेल्फियात खेळ सुरू केला तो घोडेस्वारीच्या जोरावर. खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन बघायला गेले होते. आपले पुण्याचे दामू धोत्रे १९४० च्या दशकात रिंगलिंग या अमेरिकन सर्कशीत वाघ-बिबट्यांसमोर उभे राहिले, तेही कसबावरच.

सांजवात:
कसबी लोकांची नावं पोस्टरवर आली. तंबूचे खुंट ठोकणाऱ्यांचं काय? एका खुंटाभोवती घण घेऊन गोल उभे राहायचे आणि पाळीपाळीनं घाव घालायचे. पगार बुडवायला अशा मजुरांना चालत्या गाडीतून ढकलून द्यायचे प्रकारही काही सर्कशींत व्हायचे. २२ जून १९१८ ला इंडियानात हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस सर्कशीच्या गाडीवर मागून रिकामी लष्करी गाडी आदळली. माणसं डब्यांत झोपलेली. ८६ गेली. शिकागोजवळ फॉरेस्ट पार्कमधल्या त्यांच्या थडग्यांवर काय कोरलंय? 'अनोळखी पुरुष', 'टकल्या', 'चार घोड्यांचा गाडीवान'. कित्येकांची खरी नावंच कुणाला ठाऊक नव्हती.

माळरान:
पण ती दफनाची जागा घेतलेली होती शोमेन्स लीगनं, म्हणजे खेळवाल्यांच्याच संघटनेनं. अपघातानंतर स्पर्धक सर्कशींनी कलाकार आणि सामान धाडलं. या जगात माया नव्हती असं कसं म्हणता?

सांजवात:
माया होती, एकमेकांवर. पण टकल्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं काम मालकाचं होतं, आणि ते त्यानं केलं नाही.