आयबीपीएस पीओ: पूर्वपरीक्षेनंतर भर कशावर द्यावा, मुख्य परीक्षेवर की मुलाखतीवर?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील असून बी.एस्सी. झाल्यानंतरची दोन वर्षे घरची शेती सांभाळत बँकांच्या परीक्षांचा अभ्यास करीत आहे. यंदाची आयबीपीएसची (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर पदाची पूर्वपरीक्षा दिली असून तीत उत्तीर्ण होण्याची आशा वाटते. शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे इंग्रजी वाचून समजते, परंतु बोलताना अडखळायला होते आणि त्यामुळे मुलाखतीची धास्ती वाटते. मुलाखतीचा वर्ग आत्ताच लावावा काय? दुसरे असे की, माझ्याकडे ओबीसीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असून त्याची तीन वर्षांची मुदत अद्याप संपलेली नाही. ते चालेल ना?

खातेवही:
मी सरकारी बँकेत अधिकारी आहे. आधी गणित पाहा. पूर्वपरीक्षेचे गुण केवळ पुढे जाण्यापुरते असतात, अंतिम यादीत ते धरले जात नाहीत. अंतिम गुणांमध्ये मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असते. मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ २०० आणि वर्णनात्मक २५, अशी एकूण २२५ गुणांची. मुलाखत १०० गुणांची. म्हणजे मुलाखतीत तुम्ही इतरांपेक्षा तब्बल २० गुण अधिक मिळवले, तरी अंतिम बेरजेत त्यांचे ४ होतात आणि तेवढीच भर मुख्य परीक्षेतील सव्वाअकरा गुणांनी पडते. मुलाखतीत २० गुणांची आघाडी घेणे किती अवघड असते, हे मी वेगळे सांगायला नको. त्यामुळे वर्गाचे पैसे आत्ता खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र केवळ एकूण गुणांवर विसंबू नका. मुख्य परीक्षेत प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावेच लागतात आणि वस्तुनिष्ठ प्रश्नाचे उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश कापले जातात. मराठी माध्यमातील अनेकांची गाडी इंग्रजीच्या विभागावर अडते. वर्णनात्मक भागातील निबंध संगणकावर टंकलिखित करावा लागतो, म्हणून रोज अर्धा तास घड्याळ लावून थेट कळफलकावर लिहिण्याचा सराव करावा. वहीत लिहिलेला निबंध कितीही चांगला असला, तरी हा सराव त्याने होत नाही.

सेतूच्या_रांगेत:
प्रमाणपत्राबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण गुणवत्ता असूनही उमेदवार अडचणीत येतात ते इथेच. तीन वर्षांची मुदत ही राज्य शासनाच्या कामांसाठीची व्यवस्था आहे. बँकांच्या भरतीसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र लागते, त्यात नॉन-क्रिमीलेअरचा उल्लेख असावा लागतो आणि ते जाहिरातीत दिलेल्या कालावधीतच काढलेले असावे लागते. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आहे, हेही तपासून घ्या, कारण राज्याची यादी आणि केंद्राची यादी तंतोतंत सारखी नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये असली, तरी केंद्राच्या निकषात त्यासाठी शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न मोजले जात नाही. सेतू केंद्रात नेहमीचाच नमुना पुढे केला जाण्याची शक्यता असते, म्हणून केंद्राच्या नमुन्याची छापील प्रत सोबत न्या. मुलाखतीचे पत्र येण्याची वाट पाहू नका.

माणदेशी:
खातेवही यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु मुलाखत अगदी शेवटावर सोडणे मला पटत नाही. मुलाखतीत किमान ४० टक्के (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ३५ टक्के) गुण मिळाले नाहीत, तर मुख्य परीक्षेतील गुण कितीही असले तरी उमेदवार बाद होतो. वर्ग नको, पण तयारी हवी, आणि तुमची निम्मी तयारी तर घरीच आहे. दोन वर्षे शेती केली, असे सांगितल्यावर पुढचे प्रश्न पीककर्जावरच येण्याचा संभव अधिक. किसान क्रेडिट कार्ड, वेळेवर परतफेड करणाऱ्यास केंद्राकडून मिळणारी व्याजसवलत आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांची नीट माहिती करून घ्या. इतर कर्जांचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याचा धोका असलेले) ठरते, पीककर्जाला मात्र थकबाकीसाठी हंगामाचा हिशेब लागतो: अल्प मुदतीच्या पिकांना दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांना एक. साताऱ्याची अग्रणी बँक (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणारी बँक) कोणती, हेही विचारले जाऊ शकते. ती बँक ऑफ महाराष्ट्र. अग्रणी बँक योजना १९६९ सालची असून तिच्यामागे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाची शिफारस होती, एवढे ठाऊक असल्यास बोलणे पुढे नेता येते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. प्रमाणपत्रासाठी सोमवारीच तहसील कार्यालयात जातो. मुलाखतीत हिंदीत उत्तरे दिली तर चालतात काय?

खातेवही:
चालतात. हिंदी किंवा इंग्रजी, यांपैकी जी भाषा सुरुवातीला निवडाल तिच्यातच शेवटपर्यंत बोललेले बरे. स्वतःचा परिचय तेवढा इंग्रजीत तयार ठेवा, परंतु पाठ केल्यासारखा म्हणू नका. पीककर्जाबद्दल माणदेशी यांनी लिहिलेले सारे आधी मराठीत कोणाला तरी समजावून सांगून पाहा आणि मगच हिंदीत.