कृषी केंद्राच्या काउंटरवर कोण बसवावं, पदवीवाला की बोलका?

काउंटर_दारव्हा: नमस्कार मंडळी. बियाणं, खत, औषध असं तिन्हीचं दुकान आहे. मृगाच्या आत एक माणूस ठेवायचा आहे. दोन पोरं समोर आहेत. एक बी.एस्सी. ॲग्री, पण गिऱ्हाईक समोर आलं की मान खाली. दुसरा बारावी, गावोगावी ओळख, कास्तकाराला बरोबर बोलतं करतो. पगार एकाचाच निघतो. कोणाला घ्यावं?

लायसन्स_आधी: भाऊ, आधी हे पाहा की कीटकनाशकाचा परवाना कोणाच्या शिक्षणावर उभा आहे. नियमात पात्रता मालकाकडे असावी किंवा त्यानं ठेवलेल्या माणसाकडे. तुमच्याकडे नसेल तर प्रश्न संपला, पदवीवालाच घ्या. ॲग्रीच पाहिजे असं नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राची पदवीही चालते. गावात बी.एस्सी. बॉटनी झालेल्या पोरी घरी बसून आहेत, त्यांना कोणी विचारतच नाही. तुमची स्वतःची पात्रता असेल तर मात्र हात मोकळे.

पऱ्हाटी_पाहणारा: मुलाखत ऑफिसात घेऊ नका, काउंटरवर घ्या. दोघांनाही तीच कामं द्या.

हिशेब: औषध एकरी 100 मिली, पाणी 200 लिटर, पंप 15 लिटरचा. एका पंपात किती? उत्तर साडेसात मिली. "एक झाकण टाका" म्हणणारा बाद. झाकणं सारखी नसतात.

मग डबा हातात द्या. लेबलवरच्या लाल आणि हिरव्या रंगातला फरक, विषावरचा उतारा कुठं लिहिला आहे, बॅच आणि मुदत कुठं. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, त्यानंतर तरी हे विचारायलाच पाहिजे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हीच कास्तकार व्हा अन् म्हणा, "पऱ्हाटी (कपाशी) लाल पडून राह्यली, काहीतरी जोरदार द्या." चांगला माणूस आधी विचारतो: पेरून किती दिवस झाले, मागचा फवारा कशाचा, पान आणलं का? पान उलटं करून तुडतुडे पाहतो, कारण लाल्या तुडतुड्यानंही येतो अन् मॅग्नेशियमच्या कमतरतेनंही. कच्चा बोलका माणूस टॉनिक, कीटकनाशक, बुरशीनाशक अशी तीन डबे एकाच पंपात कालवायला देतो. गल्ला फुगतो, पण मिश्रण फाटलं किंवा पीक करपलं की तोच कास्तकार बिल घेऊन दारात.

डवरणी: वरच्या मताशी सहमत, फक्त एक भर. बोलकेपणाचे दोन प्रकार आहेत, ते वेगळे तपासा. ओळखीपायी उधारी नाही म्हणता न येणं हा गुण नव्हे. "भाऊ, दहा थैल्या द्या, चुकारा (विकलेल्या मालाचा पैसा) आला की देतो" असं म्हणून पाहा. गोड बोलून मालकाकडं पाठवतो का ते दिसेल.

दुसरं, सोयाबीन उगवलं नाही म्हणून चिडलेला माणूस. वाद न घालता लॉट नंबर, पिशवीचा टॅग, पेरणीची तारीख, खोली अन् पेरणीआधी किती पाऊस होता हे लिहून घेतो का? 75 ते 100 मिमी पाऊस व्हायच्या आत पेरलं असेल तर तेही त्याला तोंडावर मारायचं नाही. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं लेखी अर्ज कसा करायचा ते सांगायचं.

काउंटर_दारव्हा: परवाना माझ्याच डिप्लोमावर आहे. म्हणजे बारावीवाला घेता येईल?

पऱ्हाटी_पाहणारा: हिशेबात पास झाला तरच. मग त्याला 'देसी' डिप्लोमाला टाका, तो बी-खत-औषध विकणाऱ्यांसाठीच आहे. दहावी पासला चालतो, 48 आठवडे, आठवड्यातून एक दिवस. तोवर औषधाची शिफारस तुम्ही लिहायची, त्यानं फक्त द्यायची. पण माझं झुकतं माप त्या लाजऱ्या पोराकडं आहे. त्याला पंधरा दिवस सकाळी कास्तकारासोबत वावरात पाठवा. पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव जुळलं की तोंड आपोआप उघडतं. बोलक्याची गिऱ्हाइकाला "हो" म्हणायची सवय मोडायला मात्र दोन हंगाम जातात.