मेल ईमॅक्समध्येच वाचावा की थंडरबर्ड बरं?

दिग्रसकर
मी घरून भाषांतराची कामं करतो. गावात लाईट गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो, त्यामुळे ब्राउझरमधला मेल कामाचा नाही. माझ्याकडे एमबीसिंक सगळा मेल डिस्कवर उतरवतं, म्यू त्याची सूची करतं आणि एमयूफोरई या जोडणीतून मी तो ईमॅक्समध्येच, म्हणजे लिहायच्या एडिटरमध्येच, वाचतो. उत्तरं रांगेत टाकून ठेवायची, नेट आलं की पाठवायची. मेलवरूनच ऑर्गमध्ये (ईमॅक्समधली कामांची वही) काम नोंदवलं की त्या नोंदीत मूळ मेलचा दुवा राहतो. उत्तर देणं म्हणजे लिहिणंच, मग त्यासाठी वेगळा प्रोग्राम कशाला?

वणीवाला
भाऊ, थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रामही आयमॅपचा, म्हणजे सर्व्हरवरचा, मेल उतरवूनच ठेवते. लाईट नसली तरी लॅपटॉपवर वाचता येते. मग तुमचा अर्धा मुद्दा इथंच गेला. मी शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब पाहतो. माह्याकडे येते काय, तर जीएसटीची बिलं, सोयाबीनच्या ओलाव्याचे रिपोर्ट, बँकेचे रंगीत तक्ते. ईमॅक्समध्ये एचटीएमएल तक्ता उघडा, रकाने कुठच्या कुठं जातात. मले पत्र लिहायचं नसते, आकडा पाहून बिल पुढं ढकलायचं असते.

दिग्रसकर
तक्ता बिघडला तर तो मेल एका कमांडने ब्राउझरमध्ये उघडतो. उतरवण्याचं म्हणाल, तर थंडरबर्ड मुळात अख्खं फोल्डर एकाच एमबॉक्स फाइलीत ठेवतं. खोडलेले मेलही फोल्डर कॉम्पॅक्ट (साफ) करेपर्यंत त्यातच पडून. माझ्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची सुटी फाइल. पेनड्राइव्हवर बॅकअप घेताना फक्त नवीन फाइली जातात.

दर्यापूरचा मास्तर
भांडण जुनं आहे. 1985 च्या जीएनयू ईमॅक्समध्येही आरमेल हा मेल वाचायचा भाग होताच. प्रत्येक प्रोग्राम वाढत वाढत शेवटी मेल वाचू लागतो, असं प्रोग्रामर जेमी झविन्स्की म्हणून गेला. गंमत अशी की या गड्यानं लुसिड ईमॅक्स या ईमॅक्सच्या भावंडावरही काम केलं आणि नेटस्केप ब्राउझरच्या मेलवरही!
मराठीपुरतं सांगतो. टर्मिनलमध्ये मट हा मेल-प्रोग्राम लावून पाहिलं, काना-मात्रा भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. ईमॅक्सच्या खिडकीत मात्र 27 व्या आवृत्तीपासून (2020) अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, ‘शेतकऱ्यांच्या’ नीट दिसतं. पण ग्नस हा ईमॅक्समधलाच मेल-वाचक थेट आयमॅपला जोडू नका. नेट अडकलं की अख्खा ईमॅक्स गोठतो, अर्धवट लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेसकट.

वणीवाला
आता लॉगिनचं बोला. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2022 पासून एक्स्चेंज ऑनलाइन या मेलसेवेत नुसत्या पासवर्डवरचं आयमॅप बंद करत आणलं. थंडरबर्डमध्ये खिडकी उघडते, लॉगिन केलं, झालं. एमबीसिंकले पासवर्डऐवजी लॉगिनचं टोकन आणून देणारी स्क्रिप्ट लागते, वरून ते टोकन चालवायले एक्सओऑथचं प्लगइन. हे ऑफिसातल्या पोरीले कोण शिकवीन? मी दोन दिवस नागपूरले गेलो तर माह्या टेबलवरून बिल कोण पाठवीन?

दिग्रसकर
जीमेलला टू-स्टेप चालू करून अॅप पासवर्ड (त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) घेतला की भागतं. मायक्रोसॉफ्टची कटकट खरी आहे. जिथं एकाच मशीनवर चार जण बसतात तिथं मीही ईमॅक्स लावणार नाही. पण माझ्या मशीनवर मी एकटाच बसतो.

वणीवाला
मग धाग्याच्या नावात तसं लिहा ना बाप्पा! ‘एकट्या माणसानं मेल कुठं वाचावा’ असं असतं तर मी आलोच नसतो.