मदत हवी आहे: एर्बियम फायबर ॲम्प्लिफायरचा खरा गेन नुसत्या पॉवर मीटरने कसा काढावा?

नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तृतीय वर्षाच्या मुलांनी प्रकल्प म्हणून एर्बियम फायबरचा ॲम्प्लिफायर जोडला आहे आणि तो चालतोही आहे, पण त्याच्या गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो याचा, आकडा मला पटत नाही.

मांडणी साधी आहे. १५५० नॅनोमीटरचा सिग्नल लेसर, ९८० नॅनोमीटरचा १०० मिलिवॅटचा पंप लेसर, दोहोंना एकत्र आणणारा कपलर, पुढे ८ मीटर एर्बियम फायबर आणि दोन्ही टोकांना प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारे आयसोलेटर. जोडण्या केबलचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या तंत्रज्ञाने आपल्या स्प्लायसिंग यंत्रावर करून दिल्या. पंप सुरू करून खोलीत काळोख केला तेव्हा फायबरचे वेटोळे हिरवट उजळले, आणि कपलरकडच्या टोकाला तो हिरवा रंग अधिक ठळक होता. पंपाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण एकापाठोपाठ दोन फोटॉन शोषून वरच्या पातळीवर गेलेले थोडे एर्बियम आयन हिरवा प्रकाश सोडतात. वर्गात फळ्यावर काढलेल्या पातळ्या मुलांनी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिल्या.

अडचण पुढे आली. आत १ मायक्रोवॅट सिग्नल दिल्यावर मीटरने ०.५ मिलिवॅट दाखवले, म्हणजे ५०० पट, २७ डेसिबल. मुले तोच आकडा अहवालात लिहायला निघाली. मी सिग्नल लेसर बंद करायला सांगितला, तरी मीटर ०.४ मिलिवॅटवर उभाच! उत्तेजित एर्बियम आयन सरासरी १० मिलिसेकंद वर राहतात आणि सिग्नल नसला तरी आपोआप खाली येतात. त्यांचा प्रकाश उरलेल्या फायबरमध्ये सिग्नलसारखाच वाढत जातो. हा एएसई (आपोआप सुटून वाढत गेलेला प्रकाश) मुख्यतः १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात पसरलेला असतो आणि मीटर सगळे एकत्रच मोजतो. प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर आमच्या आवाक्यातला नाही.

नुसती वजाबाकी केली तर सिग्नल ०.१ मिलिवॅट उरतो, म्हणजे २० डेसिबल. पण सिग्नल आला की उत्तेजित आयनांचा साठा तोही वापरतो, त्यामुळे एएसई ०.४ वर राहत नसणार आणि खरा गेन २० पेक्षा थोडा जास्त असणार. तो नेमका कसा काढावा? लांब पल्ल्याच्या फायबरवर असे ॲम्प्लिफायर एकामागून एक येतात आणि आधीच्याचा एएसई पुढचा वाढवत नेतो, म्हणून हा फरक मुलांना पक्का कळावा असे मला मनापासून वाटते. अहवाल चतुर्थीच्या सुट्टीआधी द्यायचा आहे.

प्रतिसाद:

मॅडम, तुमची शंका बरोबर आहे. आधी उरलेला पंप मीटरपर्यंत पोहोचत नाही ना, हे बघा. मीटरचा डिटेक्टर ९८० लाही थोडाफार प्रतिसाद देतो. शेवटी तसाच आणखी एक कपलर लावून पंप बाजूला काढता येईल.

मग सिग्नल लेसर १०० किलोहर्ट्झने चालू-बंद करा, मात्र सरासरी १ मायक्रोवॅटच राहू द्या. एर्बियमचा साठा इतक्या झपाट्याने बदलू शकत नाही, म्हणून सिग्नल बंद असलेल्या क्षणीही एएसई तेवढाच असतो, जेवढा तो सिग्नल असताना असतो. बाहेरचा प्रकाश फोटोडायोडवर घेऊन ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाट पाहा. तिचा तळ म्हणजे एएसई, तळाच्या वरचा भाग म्हणजे सिग्नल. ऑसिलोस्कोप डीसी कपलिंगवर हवा, नाहीतर तळच नाहीसा होईल, आणि प्रकाश झाकून शून्याची रेषा आधी नोंदवून ठेवा.

मूळ लेखिका:

मनःपूर्वक आभार. दुसरा कपलर लावून पाहिला, वाचनात फरक पडला नाही. लाटेचा तळ आणि माथा यांचे प्रमाण ७ ला १३ आले आणि मीटरवरची सरासरी ०.५ मिलिवॅटच होती. म्हणजे एएसई ०.३५ आणि सिग्नल सरासरी ०.१५ मिलिवॅट. गेन १५० पट, सुमारे २२ डेसिबल. सिग्नलमुळे एएसई ०.४ वरून ०.३५ वर उतरला, हेही मुलांनी आपल्या हाताने मोजले. २७ चे वाचन अहवालात ठेवत आहोत, त्याच्या शेजारी ऑसिलोस्कोपच्या पडद्याचे छायाचित्र जोडून.