घरातल्या सामानानं बंदुकीची निगा: कुठवर जावं?

पाटण खोरं
आजोबांची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, आता माझ्या नावावर आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. भुईमूग भरला की रानडुकरं एका रात्रीत सरीच्या सरी उकरतात, नुसता बार काढला तरी कळप पांगतो. कोयनेच्या पावसात नळी दोन दिवसांत तांबूस होते. परवान्याचं दुरुस्ती दुकान गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून मी सगळं घरीच करतो. जुन्या धोतराच्या चिंध्या, दात घासायचा जुना ब्रश, शिलाई मशीनचं तेल. बार पेटवणारी टोपी बसते तिथलं भोक वायरीतल्या तांब्याच्या तारेनं मोकळं करायचं, सुई घालायची नाही, सुईनं भोक मोठं होतं. दस्त्याला जवसाचं तेल, तळहातानं चोळून, अगदी पातळ. दोनशे रुपयांत वर्ष निघतं. आता टोपीवर आपटणारा घोडा सैल झालाय, तोही घरीच बसवणार. आपली वस्तू आपल्याला खोलता आलीच पाहिजे.

माजी सैनिक, सातारा
दादा, धुण्यापुसण्यापर्यंत तुमचं सगळं बरोबर. फक्त काळ्या दारूची काजळी नुसत्या तेलानं जात नाही. ती हवेतली ओल ओढते आणि तेलाखाली गंज धरते. आधी साबणाचं कढत पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. फौजेत आम्ही दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढायचो, घरी बुटाची जाड नाडी चालते.
पण घोड्याला हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, जन्मठेपेपर्यंत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अर्ध्यावर अडकवलेला घोडा सुटला तर समोर कोण असेल?

कुपवाड फिटर
काका, कायदा मान्य. पण भीती घालून माणसाला अडाणी ठेवण्यात काय अर्थ? तीस वर्षं यंत्रं खोलतोय. बाजारातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं असतं, जोर दिला की खाचेतून वर चढतं आणि स्क्रूचं डोकं कुरतडतं. साठ रुपयांचा ड्रायव्हर ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी सरळ घासून खाचेत घट्ट बसेल असा केला तर ओरखडा येत नाही. दस्त्याचा सैल स्क्रू आवळायला कुणाला विचारायचं?

माजी सैनिक, सातारा
दस्त्याचा स्क्रू आवळा की, त्याला कोण नाही म्हणतंय. घोडा, चाप आणि आतली कमान, एवढंच म्हणतोय मी. तुमचं यंत्र बिघडलं तर बंद पडतं. बंदूक बिघडली तर आपोआप चालते.

कुपवाड फिटर
हे मात्र खरं. तरी ड्रायव्हरबद्दल मी मागं हटणार नाही.

जतची सून
तुम्ही सगळे तेलापाण्यावर बोलताय. त्याच्या आधीचं कुणीच लिहिलं नाही. आमच्या सासऱ्यांनी दिवाळीत साफ करायला बंदूक उतरवली. दोन वर्षं वापरलेली नव्हती म्हणून रिकामीच धरली होती. आत बार तसाच ठासलेला होता. ठासणीच्या बंदुकीत तो बाहेरून दिसत नाही. नशिबानं टोपी नव्हती.
तेव्हापासून आमच्या बार ठासायच्या गजावर कानशीनं एक खाच आहे. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की खाच तोंडाशी येते. चार बोटं वर राहिली तर आत भरलंय. दादा, तुम्ही पाणी तापवायच्या आधी एवढं करता का?

पाटण खोरं
नाही करत वहिनी. आत्ताच गज काढून बघितला, खूण नव्हती. रिकामी आहे याची खात्री करून खाच पाडतो. घोड्यासाठी सोमवारी दुकानात जातो, ऊस तोडणी एक दिवस थांबेल.