पतसंस्थेच्या एकाच दालनातला आवाज : शरीराला ताण की सवयीचा प्रश्न?

लेखापाल, लक्ष्मीपुरी

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील एका पतसंस्थेत मी अकरा वर्षे हिशेब पाहते. दिवाळीनंतर शाखेतल्या लाकडी आडभिंती काढून आम्हा सर्वांना एकाच दालनात बसवण्यात आले. उजेड वाढला, हवा खेळू लागली, हे मान्य आहे. परंतु दुपारी साडेतीननंतर पिग्मी एजंट, म्हणजे दुकानदारांकडून रोजची बचत गोळा करणारे, भरणा घेऊन आले, की माझ्या टेबलापासून चार फुटांवर खातेक्रमांक आणि रकमा मोठ्याने वाचल्या जातात, आणि नेमकी त्याच वेळी मी दिवसाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळवत असते. मागच्या महिन्यात ६,४८० ऐवजी माझ्या हातून ४,६८० लिहिले गेले. फरक १,८०० चा, म्हणजे नऊने भाग जाणारा. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक असाच नऊने भागला जातो, म्हणून चूक कसली ते लगेच कळले, तरी ती नोंद सापडेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. मोबाइलवरील ॲपने दालनातला आवाज ६२ डेसिबल दाखवला. घरी पोहोचेपर्यंत मान आणि खांदे आखडलेले असतात. हा शरीरावर पडणारा बोजा आहे आणि तो कमी करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

कारखानदार, उद्यमनगर

ताई, आपल्या त्रासाबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. माझे वडील लेथच्या आवाजात तीस वर्षे उभे राहिले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे आपले दालन नियमात बसते. शिवाय अमेरिकेत सरकारी कार्यालयांतील २३१ कर्मचाऱ्यांच्या अंगावर यंत्रे लावून केलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो, की ५० डेसिबलपेक्षा कमी आवाजही शरीराला मानवत नाही. माझ्या कार्यालयात सात जण एकत्र बसतात. एकाने विचारले की दुसरा जागेवरूनच उत्तर देतो आणि काम अडत नाही. माणसाला सवय होते.

श्रवणतपासणी करणारी, राजारामपुरी

दादा, ६५ ची मर्यादा त्या परिसरातील वातावरणासाठी आहे, टेबलावर बसून आकडेमोड करणाऱ्यासाठी ती ठरवलेली नाही. आपण सांगितलेला अभ्यास मीही वाचला आहे. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर किती लवचीकपणे बदलते, यावरून त्यात शरीराची स्वस्थता मोजली होती. ५० डेसिबलच्या खाली दर १० डेसिबल वाढीमागे ती ५.४ टक्क्यांनी वाढली आणि ५० च्या वर दर १० डेसिबलमागे १.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे अगदी सुनसान खोलीही बरी नव्हे, हे आपले म्हणणे खरे आहे. पण ताईंचे दालन ५० च्या वर आहे. या अभ्यासाने संबंध दाखवला आहे, कारण सिद्ध केलेले नाही, हेही नोंदवते.

सवयीच्या मुद्द्यावर मात्र मी मुळीच सहमत नाही. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी कारकुनी काम करणाऱ्या ४० महिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन तास कार्यालयातल्यासारख्या बेताच्या आवाजात बसलेल्या महिलांच्या लघवीत ॲड्रेनालिन हे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक वाढलेले आढळले, नंतर दिलेली कोडी सोडवण्याचे प्रयत्न त्यांनी लवकर सोडले आणि काम करताना बसण्याची ढबही त्यांनी कमी वेळा बदलली. कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक वाढले नव्हते, हे खरे. परंतु ताण किती वाटतो, असे विचारल्यावर त्यांची उत्तरे शांत खोलीत बसलेल्यांपेक्षा वेगळी नव्हती. मनाला सवय झाली असे वाटते, तेव्हाही शरीर आपला हिशेब ठेवत असते. ताईंच्या आखडलेल्या खांद्यांचा विचार करताना तासन्‌तास एकाच ढबीत बसण्याची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

बँक अधिकारी, शाहूपुरी

माझी हरकत वेगळी आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतून येणारे सभासद मोकळ्या आवाजात बोलतात. आपल्याकडे ती आपुलकी आहे. ऊसबिल जमा झाले का, हे विचारायला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ‘हळू बोला’ असे सांगितले, तर तो पुन्हा पायरी चढणार नाही. शांततेच्या नावाखाली शाखा परकी होऊ नये.

लेखापाल, लक्ष्मीपुरी

साहेब, सभासदांच्या बोलण्याबद्दल माझी तक्रारच नाही. नोटा मोजण्याचे यंत्र दिवसभर खडखडते, बाहेर धान्याच्या पोत्यांची चढउतार चालते; त्याने माझी कीर्द चुकत नाही. डोक्यात ‘चार हजार आठशे’ धरले असताना शेजारून ‘आठ हजार चारशे’ ऐकू आले, की हातातला आकडा निसटतो. कान बंद करता येत नाहीत आणि अर्थ लागल्याशिवाय राहत नाही. म्हणून मागणी एवढीच आहे, की पिग्मी भरण्याचे टेबल मागच्या दप्तराच्या खोलीत हलवावे आणि छताखाली आवाज शोषणारे जाड तक्ते लावावेत.

कारखानदार, उद्यमनगर

टेबल हलवण्याला माझा विरोध नाही, त्याला खर्चही नाही. छताच्या खर्चाआधी मात्र एक पाहावे. भरणा आणि कीर्द ही दोन्ही कामे साडेतीनलाच का येतात? एजंटांना दोन वाजता बोलावून बघा आणि खांदे तरीही आखडतात का, ते महिनाभराने इथेच लिहा.

लेखापाल, लक्ष्मीपुरी

दोन वाजता एजंट बाजारात वसुलीवर असतात, दादा. दुकानदार त्यांना तीनपर्यंत सोडत नाहीत. टेबलाचा अर्ज मात्र सोमवारी व्यवस्थापकांकडे देते.